स्काय क्रेन: मंगळावर एक टन माल उतरवायचा असेल तर

मंगळाच्या जमिनीवर आजवर धडपणे उतरलेल्या यंत्रांपैकी सर्वांत जड दोन यंत्रं एकाच पद्धतीने उतरली. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी हा रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यंत्र, वजन ८९९ किलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स, वजन १,०२५ किलो. वर इंजिनांवर तरंगणाऱ्या सांगाड्यावरून रोव्हर दोऱ्यांनी जमिनीवर सोडायची ही पद्धत नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने बनवली. तिला स्काय क्रेन म्हणतात. दोनदा वापरली, दोन्ही वेळा चालली. तेवढ्यावर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळं होता आलं असतं. पण परीक्षण करायचं म्हणजे किती वजनापर्यंत चालते, कुठे चालत नाही, कशाच्या जिवावर चालते आणि त्याहून जड माल न्यायचा झाला तर तिच्यातलं काय ठेवायचं नि काय टाकून द्यायचं, हे बघायला हवं.

निकाल आधीच सांगून टाकतो. एक टनाच्या आसपासच्या, स्वतःची चाकं असलेल्या मालासाठी या यंत्रणेला आज तोड नाही. 'हीच जरा मोठी करून पाच-दहा टनांना वापरू' असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी मात्र खालचा उत्तरार्ध आधी वाचावा.

मंगळाची मुळातली खोड अशी की तिथे हवा आहे, पण अर्धवट. पृष्ठभागावर दाब साधारण ६ मिलिबार, म्हणजे पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. वेगाने आत शिरणाऱ्या यानाला भाजून काढायला एवढी हवा पुरते, त्याला थांबवायला पुरत नाही. चंद्रावर हवाच नसल्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत इंजिनांवरच उतरायचं असतं. चांद्रयान-३ च्या विक्रमने तेच केलं. पृथ्वीवर हवा इतकी दाट की अंतराळवीरांची कुपी हवाई छत्रीवर (पॅराशूटवर) समुद्रात किंवा गवताळ मैदानात सहज उतरते. मंगळावर कवच, छत्री आणि इंजिनं असं तिन्ही लागतं. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी काहीतरी सोडावं, फोडावं किंवा उलगडावं लागतं, आणि घोटाळे होतात ते बहुतेक या सांध्यांवरच.

डिसेंबर १९९९ मध्ये नासाचा मार्स पोलर लँडर हरवला. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण निघालं ते असं: पाय उघडताना बसलेल्या हिसक्याने पायातल्या सेन्सरने 'जमीन लागली' असा खोटा इशारा दिला, तो सॉफ्टवेअरने लक्षात ठेवला आणि जमिनीपासून सुमारे ४० मीटरवर इंजिनं बंद केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेली असंच गेलं. छत्री उघडल्यावर यान जोरात डोललं, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेला अडकून राहिलं, संगणकाने हिशेब करून उंची उणे काढली आणि आपण उतरलोच असं समजून छत्री सोडून दिली. इंजिनं तीन सेकंद चालली. यान त्या वेळी प्रत्यक्षात सुमारे ३.७ किलोमीटर वर होतं. स्काय क्रेनचं मोल कळायचं तर ही दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवावीत.

आता माल उलगडून बघू.

सर्वांत बाहेर ४.५ मीटर व्यासाचं कवच. अपोलोची कुपी ३.९ मीटरची होती, म्हणजे हे तिच्याहूनही मोठं. वातावरणात शिरताना आतल्या सगळ्यासकट वजन सुमारे ३,३०० किलो आणि वेग सेकंदाला ५.८ किलोमीटरच्या आसपास. एक टन पोचवायला सव्वातीन टन आत ढकलावे लागतात, हे प्रमाण लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम पडणार आहे. कवचाच्या तळाला पिका नावाच्या साहित्याच्या ११३ फरश्या बसवलेल्या असतात. पिका म्हणजे कार्बनच्या तंतूंत फिनॉलिक राळ भरून केलेलं हलकं साहित्य. आधी इथे सत्तरच्या दशकात मंगळावर उतरलेल्या नासाच्या व्हायकिंग यानांच्या काळापासून चालत आलेला एसएलए-५६१व्ही हा लेप वापरायचं ठरलं होतं. पण क्युरिऑसिटीचं कवच मोठं, यान जड आणि ते तिरकं शिरणार, त्यामुळे हवेचा घासता झोत जास्त. चाचणीत त्या झोतापुढे हा जुना लेप टिकला नाही आणि ऐन कामात साहित्य बदलावं लागलं. जुनं आहे म्हणून भरवशाचं आहे, हा हिशेब आकार बदलला की पुन्हा मांडावा लागतो.

तिरकं शिरण्याची करामत निव्वळ वजनाची आहे. वातावरणात शिरण्याआधी यान प्रत्येकी सुमारे ७५ किलोचे टंगस्टनचे दोन ठोकळे फेकून देतं. गुरुत्वमध्य मधल्या अक्षावरून बाजूला सरकतो, कवच वाऱ्याला कोन करून राहतं आणि त्याला थोडी उचल मिळते. मग बारीक इंजिनांनी कवच या अंगावर त्या अंगावर फिरवून ती उचल हवी तिकडे वळवायची. छत्री उघडण्याच्या जरा आधी सुमारे २५ किलोचे आणखी सहा ठोकळे फेकून तोल परत मधोमध आणायचा. बेरीज करा: फेकून देण्यासाठीच नेलेलं टंगस्टन ३०० किलो. एक टनाच्या मालावर हे भाडं भारी वाटतं खरं, पण त्यातून मिळालेली अचूकता पाहिली की तक्रार उरत नाही. व्हायकिंगच्या वेळी उतरण्याची संभाव्य लंबवर्तुळाकार जागा सुमारे २८० बाय १०० किलोमीटर होती. क्युरिऑसिटीची २० बाय ७. प्रत्यक्षात तो केंद्रापासून साधारण २.४ किलोमीटरवर उतरला.

मग छत्री. आमच्या मते या अख्ख्या यंत्रणेतला सर्वांत नाजूक आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच. २१.५ मीटर व्यासाची, मधे चकती, मग मोकळी फट, मग पट्टा अशा रचनेची. हे वाण व्हायकिंगसाठी सत्तरच्या दशकाच्या सुमारास तपासलं गेलं होतं आणि पुढच्या अमेरिकी मोहिमांनी तेच वाढवत वाढवत वापरलं. ती सुमारे ११ किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या पावणेदोनपट वेगात उघडते. दुसरी राखीव छत्री नाही. ही फाटली की मोहीम तिथेच संपली.

पर्सिव्हरन्ससाठी ती पुन्हा तपासली ती उगाच नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये नासाने हवाईजवळ एलडीएसडी नावाच्या प्रयोगात ३०.५ मीटर व्यासाच्या छत्र्या आवाजापेक्षा जास्त वेगात उघडून पाहिल्या. दोन्ही फाटल्या.  खरी गोम उघडण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात होती, आणि तो क्षण जमिनीवर हुबेहूब उभा करता येत नाही. म्हणून पुढे अस्पायर या प्रयोगमालेत रॉकेटने छत्री वरच्या विरळ हवेत नेऊन सोडली. सप्टेंबर २०१८ च्या तिसऱ्या चाचणीत ती ०.४ सेकंदात पूर्ण फुगली आणि तिच्यावर जवळपास ७०,००० पौंडांचा, म्हणजे साधारण ३१ टनांचा ताण आला. मंगळावर जेवढा अपेक्षित होता त्याहून बराच जास्त. यानंतरच छत्रीवर शिक्का बसला.

एवढं करूनही छत्री काम अर्धंच करते. ती जोर लावून लावून वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात आणते आणि तिथे अडकते. विरळ हवेत तिला त्याहून जास्त पकड मिळत नाही. पुढचं काम इंजिनांचं.

जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर पाठचं कवच आणि छत्री सोडून आतला सांगाडा मोकळा पडतो. त्या सांगाड्याला हायड्रॅझीन या इंधनावर चालणारी आठ इंजिनं, व्हायकिंगच्या इंजिनांच्या वंशातली, जोर कमी-जास्त करता येणारी. इंधन सुमारे ४०० किलो. पोटाखाली रोव्हर घडी घालून बांधलेला. इंजिनं पेटताच यान आधी बाजूला सरकतं, कारण वरून छत्री आणि पाठकवच खाली येत असतं. ते अंगावर पडलं तर सगळं मुसळ केरात. मग सरळ खाली. सहा किरणांचं रडार उंची आणि वेग मोजत राहतं.

जमीन वीसेक मीटरवर आली की आठांपैकी चार इंजिनं जवळजवळ बंद होतात. आठही अगदी मंद चालवण्यापेक्षा चार बऱ्यापैकी जोरावर चालवली तर ताबा चांगला राहतो. खाली उतरण्याचा वेग आता सेकंदाला ०.७५ मीटर धरलेला, ताशी पावणेतीन किलोमीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. इथे बंधनं स्फोटाने तुटतात आणि रोव्हर तीन नायलॉनच्या दोऱ्यांवर व एका विजेच्या-माहितीच्या केबलवर खाली सुटतो. दोऱ्या रिळावरून ब्रेक लावत उलगडतात, म्हणजे शेवटी हिसका बसत नाही. क्युरिऑसिटीच्या दोऱ्या ७.५ मीटर लांब होत्या. खाली जाता जाताच चाकं घडीतून उघडून जागेवर बसतात. उतरण्यासाठी वेगळे पाय नाहीत, गाद्या नाहीत, उतरंडीच्या फळ्या नाहीत. ज्या चाकांवर पुढची वर्षं चालायचं त्याच चाकांवर टेकायचं.

रोव्हर दोरीला लटकला की झुलणार नाही का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. दोऱ्या वर सांगाड्याच्या गुरुत्वमध्याजवळ एकत्र येतात, त्यामुळे खालचा भार हलला तरी तो वरच्या सांगाड्याला फारसा पिळत नाही. शिवाय वरचा सांगाडा आधीच जवळजवळ स्थिर वेगाने सरळ खाली येत असतो. झोका सुरू करणारं कारणच कमी ठेवलेलं आहे.

आणि आता या यंत्रणेतली आमची सर्वांत आवडती गोष्ट: जमीन लागली हे तिला कळतं कसं? चाकात सेन्सर नाही. सांगाडा ठरलेल्या वेगाने खाली येत राहतो आणि संगणक इंजिनांना किती जोर लावावा लागतोय एवढंच बघतो. रोव्हर टेकला की त्याचं वजन दोरीवरून जमिनीवर जातं, तोच वेग राखायला लागणारा जोर निम्म्याच्या आसपास येतो आणि काही क्षण तसाच राहतो. तो राहिला म्हणजे टेकला. मग दोऱ्या आणि केबल कापल्या जातात आणि सांगाडा तिरका उडून दूर जाऊन आपटतो. क्युरिऑसिटीचा सुमारे ६५० मीटरवर आपटला. एका क्षणाच्या खोट्या इशाऱ्याने मार्स पोलर लँडरचा जीव गेला असेल, तर त्यावरचा याहून नेटका उपाय सापडणं कठीण. दगडावर टेको, उतारावर टेको, एक चाक आधी टेको, वजन उतरलं की उतरलं.

बाकीच्या पद्धतींशी तुलना लवकर उरकतो. हवेच्या पिशव्या: पाथफाइंडर, स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी. स्पिरिट-ऑपर्च्युनिटी प्रत्येकी सुमारे १८५ किलोचे, आणि तेवढ्यासाठीही व्हेक्ट्रन या चिवट धाग्याच्या पिशव्या चाचणीत फाटून फाटून अनेक थरांच्या कराव्या लागल्या. वरून पिशव्या, पाकळ्यांची पेटी, उतरायच्या फळ्या असं जे वाहून न्यायचं ते रोव्हरच्याच वजनाहून जास्त. ९०० किलोला ही पद्धत विसराच. पायांचे लँडर: व्हायकिंग, फिनिक्स, इनसाइट. एका जागी बसून काम करणाऱ्या उपकरणासाठी पाय उत्तम, स्वस्त आणि सोपे. तिथे स्काय क्रेन ही उधळपट्टी. रोव्हर न्यायचा तर तो पायांच्या मंचावर डोक्यावर बसतो, तोल वर जातो, आणि खाली उतरायला फळी लागते. चीनने मे २०२१ मध्ये २४० किलोचा झुरोंग असाच उतरवला, जमिनीपासून १०० मीटरवर अधांतरी थांबून जागा निवडून, आणि फळीवरून तो व्यवस्थित खाली आला. तीन-चारशे किलोपर्यंत हा मार्ग बरोबर. त्यापुढे फळ्या आणि मंचच जड होत जातात.

पर्सिव्हरन्सच्या वेळी यंत्रणेचा सांगाडा बहुतांश तोच ठेवून दोन सुधारणा केल्या, आणि दोन्ही पैसा वसूल आहेत. पहिली: छत्री ठरावीक वेगाला न उघडता लक्ष्यापासूनचं अंतर बघून उघडायची. यान पुढे चाललंय असं दिसलं तर लवकर, मागे पडतंय असं दिसलं तर उशिरा. नवा भाग एकही नाही, फक्त सॉफ्टवेअरची अट बदलली, आणि लंबवर्तुळ ७.७ बाय ६.६ किलोमीटरवर आलं. दुसरी: छत्रीखाली असताना कॅमेऱ्याने खालची छायाचित्रं घेऊन ती आधी कक्षेतून बनवलेल्या नकाशाशी जुळवायची. यानाला आपण कुठे आहोत हे ठाऊक असण्यातली चूक काही किलोमीटरवरून काही दहा मीटरवर येते. मग सोबत नेलेल्या धोक्याच्या नकाशातून जवळची सुरक्षित जागा निवडायची आणि इंजिनांनी तिकडे सरकायचं. जेझेरो विवरात कडे, दगड आणि वाळूचे पट्टे खच्चून आहेत. या नजरेशिवाय तिथे उतरणं हा जुगार झाला असता. यानाने निवडलेल्या बिंदूपासून पर्सिव्हरन्स पाचेक मीटरवर टेकला.

तिसरी भर नुसती बघण्यासाठी होती, पण अभियंत्यांना तिचाच फायदा मोठा. उतरताना चौफेर व्हिडिओ कॅमेरे होते. उष्मारोधक कवच सुटून खाली जाताना दिसतं, आणि नीट पाहिलं तर त्याला ढकलणाऱ्या स्प्रिंगांपैकी एक जागेवरून निखळलेली दिसते. धोका झाला नाही. पण चित्रण नसतं तर हे कोणाला कळलंही नसतं. एप्रिल २०२२ मध्ये पर्सिव्हरन्ससोबत गेलेल्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरने पडलेल्या छत्रीचे आणि पाठकवचाचे फोटो काढले. छत्रीच्या दोऱ्या शाबूत दिसल्या. एरवी मंगळावर वापरलेला माल परत तपासायला मिळत नाही, हा योग दुर्मीळच.

आता उणिवा.

इंजिनं जमिनीपासून वर ठेवली तरी झोत खाली पोचतोच. क्युरिऑसिटीच्या हवामान उपकरणाच्या वाऱ्याच्या सेन्सरांपैकी एका दांडीवरचे सेन्सर कामातून गेले, आणि उतरताना उडालेल्या खड्यांनी ते तुटले असावेत असं मानलं जातं. नाजूक उपकरण उघड्या दांडीवर ठेवणार असाल तर झाकण ठेवा. कॅमेऱ्यांवर पारदर्शक झाकणं होती आणि पहिल्या चित्रांत त्यांच्यावर धूळ बसलेली स्वच्छ दिसते.

दुसरं, आठ इंजिनांचा, रडारचा, टाक्यांचा सगळा सांगाडा दूर जाऊन आपटून वाया जातो. रोव्हरच्या अंगावर उतरणीचं ओझं राहत नाही ही त्याची चांगली बाजू. पण एका जागी पुन्हा पुन्हा माल पाठवायचा असेल तर दर खेपेला परिसरात एक ढिगारा वाढणार, आणि तो कुठे पडणार याची जागा आधीच राखून ठेवावी लागणार.

तिसरं, सगळी साखळी एकदम पृथ्वीवर तपासता येत नाही. इथलं गुरुत्व अडीचपटीहून जास्त, हवा शंभरपट दाट. तुकडे तुकडे तपासायचे आणि जोड संगणकातल्या नकली उतरणींत हजारो वेळा घासायचे, एवढंच हाती असतं. दोनदा यश मिळालं यात अभियंत्यांची शिस्त आहे, पण दोन हा आकडा लहान आहे हेही खरं.

चौथं, आणि जागा निवडणाऱ्यांना सर्वांत जाचणारं: उंची. छत्रीला पुरेशी हवा हवी तर जमीन खोलगट हवी. गेल विवरात क्युरिऑसिटी मंगळाच्या शून्य पातळीच्या सुमारे साडेचार किलोमीटर खाली उतरला. जेझेरो अडीच किलोमीटरहून जास्त खाली. दक्षिणेकडचा जुना, उंच प्रदेश या यंत्रणेच्या सेवाक्षेत्राबाहेर आहे. त्यात धुळीची वादळं. धूळ उठली की हवा तापते, वर फुगते, उंचीनुसारची घनता बदलते आणि सगळा हिशेब सरकतो. महिना कोणता निवडला यावरही माल पोचणं अवलंबून असतं.

आता उत्तरार्ध. पाच, दहा, वीस टनांचं काय? माणसं पाठवायची तर एकेक खेप वीस टनांच्या घरात धरली जाते.

साधा हिशेब बघा. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ चारपटच. व्हायकिंगच्या ३.५ मीटरच्या कवचावर प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण १०० किलो येत होते. क्युरिऑसिटीच्या ४.५ मीटरवर ते २०० च्या वर गेले. समजा वीस टन मालासाठी आत शिरणारं वजन ५० टन आहे. क्युरिऑसिटीच्या प्रमाणाने ते ६०-६५ निघेल, आम्ही हात राखून धरलंय. ते १० मीटरच्या कवचावर ठेवलं तर चौरस मीटरमागे ६०० किलोहून जास्त. असं यान वरच्या हवेत पुरेसं मंदावतच नाही. छत्री उघडण्याजोग्या वेगाला ते येईपर्यंत जमीन संपलेली असते.

बरं, छत्री मोठी करू? एक टनाच्या यंत्रणेची छत्री २१.५ मीटरची. भार वीसपट झाला तर तोच वेग राखायला क्षेत्रफळ वीसपट, म्हणजे व्यास साडेचारपटीच्या आसपास: ९६ मीटर. तीस मीटरच्या छत्र्या फाटल्या हे वर आलंच आहे. आणि ९६ मीटर कापड उलगडून फुगायला लागणारा वेळ त्या यानाकडे नसतो. कवचाचंही तेच: रॉकेटच्या टोपणात मावेल एवढंच ते रुंद करता येतं. तेव्हा वीस टनांसाठी छत्री हा टप्पाच काढून टाकावा लागतो. स्काय क्रेनची दोरी, इंजिनं, टेकल्याची खूण हे सगळं मोठं करता येईल एकवेळ. ती ज्याच्यावर अवलंबून आहे ती छत्री मोठी होत नाही.

छत्रीची जागा घ्यायला दोन उमेदवार आहेत.

एक, फुगवायचं कवच. दुमडून टोपणात न्यायचं आणि वर गेल्यावर फुगवायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाने लॉफ्टिड हे ६ मीटरचं कवच पृथ्वीच्या कक्षेतून खाली आणलं, पॅसिफिकमधून उचललं आणि ते उत्तम अवस्थेत निघालं. हे आम्हाला मनापासून पटलं. १२ मीटरचं कवच केलं आणि चौरस मीटरमागे क्युरिऑसिटीएवढाच भार ठेवला तर आत शिरणारं वजन २२ टनांवर जातं. तिसरा हिस्सा माल धरला तर सात टन. वीस टनांसाठी याच हिशेबाने १९-२० मीटरवर जावं लागेल. अडचणीही आहेत. मऊ कवच वाऱ्यात किती हलतं, त्याला अंगावर वळवून दिशा कशी द्यायची, आणि शेवटी ते बाजूला कसं काढायचं की खालून इंजिनं पेटवता येतील. पुन्हा तोच सांधा.

दोन, आवाजापेक्षा जास्त वेगातच इंजिनं उलटी पेटवणं. हे फार जोखमीचं समजलं जायचं, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्यात झोत स्थिर राहील का याची खात्री नव्हती. स्पेसएक्सने सप्टेंबर २०१३ पासून फाल्कन-९ चा पहिला टप्पा परत आणताना ते करून दाखवलं, आणि ज्या उंचीवर ते होतं तिथली विरळ हवा मंगळाशी बरीच मिळतीजुळती असते. नासाने त्या उतरणी इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी टिपून अभ्यासल्या. किंमत मोजावी लागते ती इंधनाची. मिथेन-ऑक्सिजनच्या इंजिनांनी सेकंदाला एक किलोमीटर वेग मारायचा तर त्या क्षणीच्या वजनाचा पाव हिस्सा जळतो. शिवाय झोत पुढे आला की हवेचा नैसर्गिक अडथळा कमी होतो, म्हणजे फुकट मिळणारा ब्रेक आपणच सोडून देतो. म्हणून इंजिनं शक्य तितकी उशिरा पेटवावीत, आणि उशीर किती करायचा यावरच सगळी मारामारी.

स्पेसएक्सचं स्टारशिप शंभर टनांची भाषा करतं. मंगळावर ते अजून उतरलेलं नाही. उतरेल तेव्हा परीक्षण करू. पण दोन गोष्टी आत्ताच विचाराव्यात. मोठ्या इंजिनांचा झोत खालच्या मातीचं काय करणार? व्हायकिंगच्या प्रत्येक इंजिनाला झोत पसरावा म्हणून अठरा तोंडं दिली होती. फिनिक्सच्या छोट्या इंजिनांनी खालची माती उडवून बर्फ उघडा पाडला, इनसाइटखाली खड्डे पडले. त्याहून कितीतरी पट जोराची इंजिनं जमिनीलगत चालली तर खड्डा पाय टेकायच्या जागीच पडतो आणि उडालेला दगड उलट इंजिनावर येतो. दुसरं, माल एवढ्या उंचावरून खाली कसा घेणार? इथे स्काय क्रेनकडून शिकण्यासारखं नक्की आहे: इंजिनं वर ठेवा, भार खाली द्या, आणि तो थेट चाकांवर द्या.

या यंत्रणेचं पुढचं काम म्हणून २०२५ मध्ये जे पुढे आलं तेही वीस टनांचं नव्हतंच. जानेवारी २०२५ मध्ये नासाने मंगळावरचे नमुने परत आणण्यासाठी उतरणीचे दोन पर्याय मांडले: एक स्काय क्रेन, दुसरा खासगी कंपनीचा मोठा लँडर. मालात परतीचं छोटं रॉकेट असणार होतं, म्हणजे पर्सिव्हरन्सहून ओझं जास्त. आमचं मत पहिल्याच्या बाजूने, पण एका अटीवर. वाढलेल्या वजनाचा पहिला फटका इंजिनांना किंवा दोऱ्यांना बसणार नाही, छत्रीला बसेल. आराखड्याच्या पहिल्या पानावर जमिनीवर टेकणाऱ्या वजनाआधी वातावरणात शिरणारं वजन लिहावं, आणि नव्या भाराची छत्री अस्पायरसारख्या रॉकेट-चाचणीत पुन्हा उघडून बघितल्याशिवाय बाकीची कंत्राटं देऊ नयेत.